प्रतिभा कवटीत मावत नाही

डावा मेंदू हिशेबाचा आणि उजवा कल्पनेचा, ही समजूत आता पालकसभेत, क्लासच्या फलकावर आणि पाहुण्यांच्या गप्पांत सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येते. तिच्या जोडीला दुसरी एक समजूत आली आहे. मेंदूचे रंगीत चित्र काढले की कल्पनाशक्ती कुठे उजळते ते दिसते, आणि जे दिसते ते मोजता येते. मग कोणाकडे प्रतिभा आहे आणि कोणाकडे नाही हेही यंत्रच सांगेल, एवढाच निष्कर्ष काढायचा उरतो. पहिली समजूत सरळ चुकीची आहे. दुसरी अधिक फसवी आहे, कारण तिच्यात निम्मे खरे आहे.

या लेखाचे म्हणणे असे: मेंदूच्या क्रियेचे मोजमाप सर्जनशील विचाराच्या काही घटकांविषयी मोलाची माहिती देते, पण सर्जनशीलता कुठून येते आणि कोणात आहे, या प्रश्नांचे उत्तर ते देत नाही. यंत्रे सुधारली तरी ही अडचण संपणार नाही. निर्मिती काळावर, साधनांवर, सोबतच्या माणसांवर आणि नंतरच्या निवाड्यावर पसरलेली असते. यंत्र पाहते तो तिचा एक तुकडा, काही सेकंदांचा आणि एका डोक्यातला. हे म्हणणे तपासायला अहिल्यानगर जिल्ह्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. नेवासे, नगरचा भुईकोट किल्ला आणि हिवरे बाजार या तीन ठिकाणी तीन अगदी वेगळ्या प्रकारची निर्मिती झाली आणि तिन्हींची नोंद चांगली आहे.

१. यंत्र नेमके काय मोजते

माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी पहिल्यांदा टिपल्या त्या जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. निष्कर्ष १९२९ मध्ये छापले. लहरी टिपण्याची तीच तपासणी, म्हणजे ईईजी, आज फिट येणाऱ्या रुग्णांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होते. आदल्या दिवशी केस धुवून या, तेल लावू नका, असे बजावलेले असते. तंत्रज्ञ टेपने डोके मोजतो, खुणा करतो, एकेका खुणेवरचे केस बाजूला सारून पेस्ट लावतो आणि एकवीसेक तारा चिकटवतो. मग सूचना सुरू होतात: डोळे मिटा, जबडा सैल सोडा, गिळू नका. याला कारण आहे. टाळूवर पोहोचणारा मेंदूचा संकेत मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो इतका क्षीण असतो. एक पापणी लवली किंवा दात आवळले तरी त्याहून मोठी लाट उठते. ईईजी काळाच्या बाबतीत तल्लख आहे, सेकंदाच्या हजाराव्या भागातला बदल त्याला कळतो. पण कवटी संकेत पसरवून टाकते, त्यामुळे तो आला कुठून हे धूसरच राहते.

फंक्शनल एमआरआयचे उलट आहे. १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखवले की रक्तातील ऑक्सिजनच्या बदलातून मेंदूच्या क्रियेचा माग काढता येतो. जागा बऱ्यापैकी नेमकी कळते, पण रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोहोचायला पाचेक सेकंद लागतात. शिवाय दोन-तीन मिलिमीटरच्या ज्या घनात ‘क्रिया’ दिसते, त्या एका घनात लाखो चेतापेशी असतात. सगळ्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. पडद्यावरचा लाल ठिपका म्हणजे तिथे विचार चालल्याचे छायाचित्र नव्हे. दोन प्रकारची कामे करताना त्या जागेच्या रक्तपुरवठ्यात जो फरक पडला, तो संख्याशास्त्राच्या चाळणीतून गेल्यावर दिलेला तो रंग आहे. विजेच्या मीटरवरून घरात वापर कधी वाढला ते कळते. आत पुरणपोळी चालली आहे की इस्त्री, ते मीटर सांगत नाही.

ही चाळणी ढिली असली तर काय होते, हे अमेरिकेतील क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवून दाखवले. माशाला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि एकाच वेळी केलेल्या हजारो तुलनांची दुरुस्ती न करता आकडेमोड केली, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही क्रिया दिसली. या कामाला २०१२ साली इग नोबेल हा थट्टेखोर पुरस्कार मिळाला. थट्टा होती, पण मुद्दा गंभीर होता. पुढे २०२० मध्ये एकच माहितीसंच ७० संशोधक गटांना दिला गेला. प्रत्येकाची विश्लेषणाची वाट वेगळी निघाली आणि काही गृहीतकांबाबत निष्कर्षही विरुद्ध आले. चित्र यंत्र काढते, पण ते वाचतो माणूस.

२. प्रयोगशाळेतली छोटी सर्जनशीलता

यंत्राला तीन गोष्टी लागतात: माणूस स्थिर हवा, काम काही सेकंदांत संपणारे हवे आणि ते पुन्हापुन्हा करता आले पाहिजे. अशी कामे मानसशास्त्राने आधीच तयार ठेवली होती. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० च्या आपल्या प्रसिद्ध भाषणानंतर बहुदिश विचाराच्या चाचण्या रुजवल्या. विटेचे किती वेगवेगळे उपयोग सुचतात, हा त्यांतला नेहमीचा प्रश्न. सार्नॉफ मेडनिक यांनी १९६२ साली तीन असंबद्ध शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधण्याची कसोटी दिली. मेंदू-संशोधनातील बरीचशी ‘सर्जनशीलता’ या दोन मापांभोवती फिरते.

या अभ्यासांतून हाती आलेले थोडेथोडके नाही. २००४ मध्ये मार्क युंग-बीमन, जॉन कुनिओस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शब्दकोडे अचानक सुटते तेव्हा, उत्तर जाणवण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी, उजव्या कानशिलामागच्या भागात जलद लहरींचा झोत येतो. २००८ मध्ये चार्ल्स लिम आणि ॲलन ब्रॉन यांनी सहा जॅझ वादकांना यंत्रात छोटा कीबोर्ड दिला. पाठ केलेले वाजवण्यापेक्षा उत्स्फूर्त वाजवताना स्वतःवर पहारा ठेवणारे पुढचे बाह्य भाग शांत झाले आणि आतला मध्यभाग जागा झाला. २०१८ मध्ये रॉजर बीटी यांच्या गटाने १६३ जणांच्या मेंदूतील जोडण्यांवरून त्यांच्या कल्पनांच्या नवेपणाचे गुण काही प्रमाणात वर्तवले. मन भरकटते तेव्हा चालणारे जाळे आणि लक्ष आवरून धरणारे जाळे एरवी एकमेकांना टाळतात. कल्पक उत्तरे देणाऱ्यांत ती एकत्र नांदतात.

या कामाचे महत्त्व कमी लेखायचे कारण नाही. हरकत आहे ती छोट्या कामाला मोठे नाव देण्याला. विटेचे वीस उपयोग सांगणे हे एक कौशल्य आहे. त्यावरून कादंबरी, सिद्धांत किंवा गावाची पाणीव्यवस्था कशी सुचते ते कळेल, असे मानायला वेगळा पुरावा लागेल. आर्ने डीट्रिच आणि रियाम कान्सो यांनी २०१० साली ७२ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा सर्जनशीलतेचे एकच एक ठिकाण किंवा एकच एक खूण हाती लागली नाही. सर्जनशीलता ही एक वस्तू नसेल, तर तिचा एक पत्ता तरी कसा असणार?

३. पहिली कसोटी: नेवासे

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. प्रवरेकाठी नेवाशाला ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे परंपरा मानते, तो शिलालेख असलेला दगडी खांब आजही मंदिरात उभा आहे. इथे महत्त्वाची आहे ती रचनेची रीत. ग्रंथ सांगितला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. समोर श्रोते आहेत आणि गुरू असलेले थोरले बंधू निवृत्तिनाथही आहेत. कवी श्रोत्यांशी बोलतो, त्यांची विनवणी करतो, लांबलेल्या निरूपणाबद्दल त्यांच्याजवळ सलगीही करतो. हाताशी गीतेचे सातशे श्लोक आणि लोकांच्या ओठी रुळलेला ओवीचा घाट; त्यातून सुमारे नऊ हजार ओव्या उभ्या राहिल्या.

आता यंत्राच्या अटी आठवा: बोलू नका, हलू नका, जबडा सैल सोडा. बोलता बोलता होणारी रचना हीच यंत्राला सर्वांत अवघड, कारण बोलण्याचे स्नायू मेंदूचा संकेत बुडवून टाकतात. ही अडचण तांत्रिक आहे आणि ती सुटेलही. न सुटणारी अडचण वेगळी आहे. श्लोकाचे बंधन, ओवीची चाल आणि श्रोत्याचा चेहरा ही त्या रचनेची अंगे आहेत. ती बाजूला काढून ‘शुद्ध’ प्रतिभा मोजायला गेलो तर मोजायचे तेच हातून सुटते. बंधन निर्मितीच्या आड येते ही समजूतही इथे टिकत नाही. दृष्टान्तामागून दृष्टान्त सुचत गेले ते श्लोक समोर होता म्हणूनच.

४. दुसरी कसोटी: भुईकोट किल्ला

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. जवाहरलाल नेहरूंनी इथे एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. हाताने लिहिलेली सुमारे हजार पाने. लेखनाला हात घातला तेव्हा तुरुंगात येऊन वीस महिने उलटले होते. मधल्या काळात वाचन चालू होते, बागेसाठी खणणे चालू होते आणि सोबतच्या अकरा जणांशी वाद-संवाद चालू होता. प्रस्तावनेत नेहरूंनी मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचे ऋण नावे घेऊन मानले आहे. त्याच भिंतींआड मौलाना आझादांनी मित्राला उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहिली, आणि १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून ती छापली गेली. एकाच्या लेखणीतून देशाचा इतिहास उतरला, दुसऱ्याच्या लेखणीतून चहा, चिमण्या आणि एकांत. कैद तीच, मजकूर मात्र एकमेकांपासून कोसभर दूर.

मेंदू मोजणाऱ्याला इथे साधा प्रश्न विचारता येतो: मोजायचे कधी? पहिले पान लिहिताना? खणताना? नरेंद्र देवांशी बौद्ध विचारावर बोलताना? की त्या न लिहिलेल्या वीस महिन्यांत? उत्तर जाणवण्याच्या ०.३ सेकंद आधीची लहर खरी आहे, पण ती कोड्याची लहर आहे. पुस्तकाला असा एक क्षण नसतो. त्यात हजारो लहान निर्णय असतात: हे ठेवायचे, ते खोडायचे, हा संदर्भ पुन्हा पाहायचा. ‘सुचणे’ हीच निर्मिती मानली की तपासणे, टाकून देणे आणि पुन्हा लिहिणे ही बिनचेहऱ्याची मजुरी ठरते. लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते की पुस्तक घडते ते याच मजुरीत.

५. तिसरी कसोटी: हिवरे बाजार

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतले गाव. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात गावाने जे उभे केले, त्यातला एकेक घटक नवा नव्हता. बांध-बंदिस्ती जुनी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी जुन्या, शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगण सिद्धीचा धडा समोर होता आणि पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत १९७२ च्या दुष्काळानंतर उभी राहिली होती. नवी होती ती या सगळ्याची जुळणी. पाऊस मोजायचा, वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आधी पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही, केळी नाही. पाऊस कमी झाला की पिकाची निवड बदलते, आणि ती सगळ्यांसमोर बदलते.

आपल्या भागात गेल्या पाच दशकांत झालेल्या सर्जनशील विचारांत याची गणना न करणे कठीण आहे. पण ही कल्पना कोणाच्या डोक्यात मोजायची? सरपंचाच्या, भूजल मोजणाऱ्याच्या, की ‘मला ऊस लावायचाय’ म्हणून आधी भांडलेल्या आणि मग मान डोलावलेल्या शेतकऱ्याच्या? आता अनेकांचा ईईजी एकाच वेळी घेता येतो, त्यामुळे लोक सहकार्य करतात तेव्हा त्यांच्या लहरी किती जुळतात हे दिसते. लहरी मात्र वाईट निर्णयावर एकमत होतानाही जुळतील. पाण्याचा ताळेबंद चांगला ठरला तो विहिरींच्या पातळीवरून.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: ‘सगळा विचार मेंदूतच होतो, मग मेंदू पुरता कळला की सर्जनशीलता कळणारच.’ पहिला भाग मान्य, निष्कर्ष अमान्य. सर्जनशील म्हणण्यात ‘नवे’ आणि ‘मोलाचे’ असे दोन निवाडे दडलेले असतात आणि दोन्ही बाहेरच्या जगाशी तुलना करून होतात. मार्गारेट बोडेन यांनी १९९० मध्ये हा फरक नीट मांडला: काही कल्पना आपल्यापुरत्या नव्या असतात, काही इतिहासात नव्या असतात. रामानुजनांनी एकांतात शोधलेल्या सूत्रांपैकी काही युरोपात आधीच माहीत होती, काही जगाला पूर्ण नवी होती. बुद्धी तीच, पाटी तीच, तन्मयता तीच. कोणते सूत्र पहिल्या गटातले आणि कोणते दुसऱ्यातले, हे त्यांच्या मेंदूच्या अचूकातल्या अचूक आलेखावरूनही सांगता आले नसते. त्यासाठी ग्रंथालयात जावे लागले असते.

दुसरा आक्षेप: ‘आजची यंत्रे ढोबळ आहेत, उद्याची सूक्ष्म होतील.’ होतील, आणि व्हायला हवीत. पण वरचा मुद्दा सूक्ष्मतेचा नव्हताच. दुसरे असे की नुसती सूक्ष्मता पुरत नाही, संख्याही लागते. २०२२ साली स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मेंदूची रचना किंवा जोडण्या आणि माणसाची गुणवैशिष्ट्ये यांचा विश्वासार्ह संबंध सापडायला हजारो माणसे तपासावी लागतात. वीस-पंचवीस जणांवरच्या अभ्यासांतून निघालेली कितीतरी ठाम विधाने त्यामुळे पुन्हा तपासणीला आली आहेत.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ‘२०१८ च्या अभ्यासाने प्रत्यक्ष वर्तवून दाखवले, मग तुमचे तत्त्वज्ञान काय कामाचे?’ वर्तवले ते चाचणीतले गुण, आणि तेही मध्यम ताकदीच्या संबंधाने. गटात असा कल दिसतो याचा अर्थ समोरच्या एका माणसाबद्दल खात्रीने बोलता येते असा होत नाही. शिवाय लक्ष्मीबाई टिळकांसारखी उदाहरणे आपल्याच नगरच्या वाङ्मयेतिहासात आहेत. शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंनी उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. तरुणपणी त्यांना विटेचे उपयोग विचारले असते तर किती गुण पडले असते, हे कोणी सांगू शकणार नाही. आणि जे काही पडले असते त्यावरून त्या पुस्तकाची चाहूल लागली असती, असे मानायला काहीही आधार नाही.

७. मग मोजायचे कशासाठी

मोजावे, कारण मोजण्याने खोट्या समजुती पडतात. डाव्या-उजव्याचीच पाहा. रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल मिळाले ते दोन गोलार्धांच्या कामांतील खऱ्या फरकांसाठी. त्यातून बाजाराने ‘उजव्या मेंदूची माणसे’ तयार केली. युटा विद्यापीठातील गटाने २०१३ मध्ये १,०११ जणांची मेंदूचित्रे तपासली, तेव्हा एका बाजूचे जाळे सर्वत्र वरचढ असलेली माणसे सापडली नाहीत. ज्या यंत्राच्या नावावर ही समजूत विकली जाते, त्याच यंत्राने ती खोडून काढली.

मोजावे, कारण छोट्या प्रश्नांची पक्की उत्तरे मिळतात. आठवणींतून शोध आणि त्या शोधावर लगाम ही दोन कामे एकमेकांशी कशी जुळवून घेतात? थकवा, झोप, आजार यांचा त्यावर काय परिणाम होतो? मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाच्या भागांची झीज होणाऱ्या काही रुग्णांत चित्रकलेची ओढ नव्याने का उफाळते? या प्रश्नांना यंत्राशिवाय पर्याय नाही. अट एवढीच की यंत्राच्या नोंदीला दुसऱ्या नोंदींची जोड हवी: मसुदे, खोडाखोड, रोजनिशी, सहकाऱ्यांशी झालेले बोलणे. नुसत्या आलेखापेक्षा आलेख आणि चोपडी एकत्र वाचली तर काहीतरी हाती लागेल.

८. धोका कुठे आहे

मेंदूच्या संकेतावरून मनातल्या घटनेवर उडी मारली की काय होते, हे महाराष्ट्राने न्यायालयात पाहिले आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना ईईजीवर आधारलेल्या बीईओएस चाचणीचाही आधार घेतला. आरोपीला गुन्ह्याची ‘अनुभवजन्य’ आठवण आहे, असा त्या चाचणीचा दावा होता. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीविना करणे घटनाबाह्य ठरवले. न्यायालयात निदान उलटतपासणी असते, वरचे न्यायालय असते. मुलाच्या बाबतीत तेवढेही नसते. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणाऱ्या चाचण्या आणि डोळे बांधून वाचायला लावणारे मध्यमेंदू-जागृतीचे वर्ग यांनी गावोगावी पैसे गोळा केले. त्यांच्यामागे मोजमापही नाही आणि विज्ञानही नाही. उद्या हेडबँडसारखे ईईजी स्वस्त झाले की याच दुकानांत ‘सर्जनशीलता अहवाल’ मिळू लागतील, आणि त्यावर आलेख असल्याने ते अधिक खरे वाटतील. चुकीचे गुण पडलेल्या मुलाने वही मिटली, तर ते नुकसान कोणत्याच आलेखात उमटणार नाही.

म्हणून असा अहवाल समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. हे मोजताना मुलाकडून नेमके कोणते काम करून घेतले? त्याचे उत्तर ‘नवे’ आहे हे कोणी आणि कशाशी ताडून ठरवले? आणि हा दावा शेकडो जणांच्या सरासरीबद्दल आहे की या एका मुलाबद्दल? प्रामाणिक संशोधक या तिन्हींची उत्तरे देतो आणि तिसऱ्याला ‘सरासरीबद्दल’ असे सांगून थांबतो. जो थांबत नाही, त्याची फी वाचवावी आणि त्या पैशात मुलाला पुस्तके, हत्यारे, रंग आणि कोणी न मोजलेला रिकामा वेळ द्यावा. नेवासे, किल्ला आणि हिवरे बाजार या तिन्ही ठिकाणी निर्मितीला सामग्री, सोबत आणि वेळ लागला, याची नोंद आहे. मुलाला या तीन गोष्टी देणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी आधी त्याचे डोके मोजायची गरज नाही.